पडद्यावरचा हिरा

सुरतेचे नाव निघाले की हिऱ्याचे नाव आपोआप ओठांवर येते. वराछा, कतारगाम या भागांतील कारखान्यांत घंटीवर वाकलेला रत्नकलाकार हेच या धंद्याचे परिचित चित्र. घंटी आजही फिरते. परंतु मोठमोठ्या कारखान्यांत कच्चा हिरा तिच्यापाशी येण्याआधी संगणकाच्या पडद्यावर येतो. तेथे त्याची त्रिमितीय आकृती फिरवून पाहतात आणि खडा कोठे कापावयाचा ते ठरवितात. हे ऐकून आमचे काही मित्र विचारतात, "यंत्र सारे दाखवीत असता आपण भूमिती कशाला शिकावयाची?" या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही आकृती तयार कशी होते, ते आधी पाहू. खडा हळूहळू फिरवून निरनिराळ्या कोनांतून त्याची मापे घेतात. त्यांवरून पृष्ठभागावरील असंख्य बिंदू मिळतात आणि ते जोडून लहान लहान त्रिकोणांची जाळी विणली जाते. आतील दोष पाहणे मात्र कठीण. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ असल्यामुळे खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश वाकतो आणि डाग असतो एकीकडे व दिसतो दुसरीकडे. म्हणून काही यंत्रांत खडा अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमात बुडवितात. त्यायोगे प्रकाशाचे वाकणे कमी होते व डागाची जागा कळते.

एवढ्याने चित्र उमटत नाही. मोजमापांत खऱ्या डागाबरोबर धुळीचा कण आणि यंत्राची चूकही असते. म्हणून माहिती गाळावी लागते: फुटकळ बिंदू टाकणे, खडबडीतपणा गुळगुळीत करणे, त्रिकोणांची संख्या घटविणे, किंवा आतले दिसावे म्हणून आकृतीचा एक भाग छेदून बाजूस सारणे. त्यानंतर रंग आणि प्रकाश. पृष्ठभागाला लंब असलेली रेषा व प्रकाशकिरण यांमधील कोनावरून प्रत्येक त्रिकोणाची उजळी ठरते. तिचे प्रमाण त्या कोनाच्या कोसाइनएवढे असते, हा नियम लँबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या ग्रंथात मांडला. पडद्यावरील झळाळी, म्हणजे, आपल्याच पाठ्यपुस्तकातील त्रिकोणमिती होय!

आता मुद्द्याकडे वळू. आई पीठ चाळते तेव्हा चाळणीच्या भोकांवर सारे अवलंबून असते. पण कोणती चाळण घ्यावयाची, हे चाळण ठरवीत नाही, आई ठरविते. येथेही तसेच. चाळण फार बारीक असेल, तर धुळीचा कण डाग म्हणून दिसेल आणि चांगला भाग फुकट कापला जाईल. उलट गुळगुळीतपणाच्या हौसेने एखादी बारीक चीर पुसली गेली, तर चित्र सुंदर दिसेल. खडा मात्र घंटीवर तडकेल. कच्च्या खड्याचे निम्म्याहून अधिक वजन बहुधा घडणीतच जाते. त्यात ही भर! पडद्यावरील आकृती पुन्हा काढता येते, कापलेला हिरा पुन्हा जोडता येत नाही. आणि तो तडकला म्हणजे पहिला बोल लागतो घंटीवरच्या माणसाला, चाळण निवडणाऱ्याला नव्हे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, यंत्राने भूमितीची गरज घटविली नसून वाढविली आहे. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गोल हिऱ्याच्या पैलूंचे कोन गणिताने मांडले, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता. प्रकाश कोठे वळेल, याचे ज्ञान होते. ज्याला ते ज्ञान आहे, तोच पडद्याला प्रश्न विचारू शकेल: यात मोजलेले किती, गाळलेले किती आणि निव्वळ रंगविलेले किती?

आमच्यापैकी कित्येकांचे वडील व भाऊ या शहरातील कारखान्यांत राबतात. उद्या आम्हीही राबू. केवळ कळ दाबणारे हात होणे आम्हांस मान्य नाही. यास्तव गुरुजनांस नम्र विनंती की, हस्तव्यवसायाच्या तासाला आमच्याकडून साबणाच्या वडीचे पैलू पाडून घ्यावेत आणि भूमितीच्या तासाला त्यांचे कोन मोजून घ्यावेत. वडी बिघडली तर नुकसान थोडे. शिकलेले मात्र जन्मभर उपयोगी पडेल.