केसपेपरातून उगवलेली विद्या

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सकाळी केसपेपरासाठी जी रांग लागते, तिच्यात रात्रीच्या गाडीने कोकणातून आलेला शेतकरी असतो, रात्रपाळी संपवून परस्पर आलेला कामगार असतो, आणि तापलेल्या नातवाला कडेवर घेऊन आपला नंबर कधी लागेल हे शेजारणीला पुनःपुन्हा विचारणारी आजीही असते. खिडकीतून हाती पडलेला कागद ही माणसे घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. पण त्या कागदाबरोबर आपल्या देहदुःखाचा वृत्तान्त विद्येच्या एका मोठ्या दप्तरात दाखल झाला आहे, आणि त्यातून उद्या एखाद्या अपरिचित माणसाचे प्राण वाचण्याचा संभव आहे, ही जाणीव त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी करून दिलेली नसते.

१९२६ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या आणि त्याला जोडलेल्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाठीशी आता एका शतकाचा इतिहास आहे. रुग्णसेवा, अध्यापन व संशोधन ही तीन कार्ये एकाच छपराखाली चालवणाऱ्या संस्थेचे मोल कसे करावे, याचा विचार करण्यास याहून उचित निमित्त नाही. आपल्या सार्वजनिक चर्चेत या कार्यांची वाटणी होऊन बसली आहे: खाटा, औषधे आणि यंत्रे यांना आपण सेवा म्हणतो, परीक्षांच्या निकालांना अध्यापन म्हणतो, आणि संशोधन म्हणजे या दोहोंतून वेळ व पैसा उरलाच तर करावयाची चैन, असे धरून चालतो. हा समज मला घातक वाटतो. रुग्णाकडे एकाग्र चित्ताने पाहणे आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, या एकाच मुळातून सेवाही उगवते आणि संशोधनही. म्हणून त्या पाहण्याला व लिहिण्याला पुरेसा अवकाश देणे हे सार्वजनिक रुग्णालयाच्या कारभाराचे आद्य कर्तव्य होय.

या संस्थेचा जन्मच एका स्वाभिमानी अटीतून झाला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते. परंतु तेथील अध्यापनाच्या मानाच्या जागा बहुतांशी सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्यांकडे असल्यामुळे, विलायतेहून उच्च पदव्या घेऊन परतलेल्या हिंदी डॉक्टरांनाही तेथे शिकवण्याची संधी दुर्मीळ होती. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या मिळकतीच्या विश्वस्तांनी देणगी देताना अध्यापक हिंदी असावेत अशी अट घातली, महापालिकेने ती मान्य केली, आणि डॉ. जीवराज मेहता यांच्यासारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या पहिल्या अधिष्ठात्यांनी हे रोपटे वाढवले. आपल्या रोग्यांकडे पाहून आपणही जगाला काही नवे सांगू शकू, हा विश्वास त्या अटीच्या मुळाशी होता.

तो विश्वास १९५२ साली कसा फळाला आला, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहण्याची कृती दिसायला साधी असते: रोग्याच्या रक्तातील द्रव आणि दात्याच्या तांबड्या पेशी एकत्र करावयाच्या, आणि त्यांच्या गुठळ्या होतात की काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे. काही थोड्या व्यक्तींच्या बाबतीत असे आढळले की, त्यांच्या पेशी तपासल्या तर गट ‘ओ’ वाटावा, आणि ‘ओ’ गटाचे रक्त जुळवू जावे तर त्याच्याही गुठळ्या व्हाव्यात. कामाच्या घाईत चाचणी चुकली असे म्हणून नळी धुऊन टाकणे सहज शक्य होते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी तसे केले नाही. त्यांनी ती विसंगती टिपून ठेवली, तिचा पाठपुरावा केला, इंग्लंडमधील रक्तशास्त्रज्ञांशी मसलत केली, आणि ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ‘ए’ आणि ‘बी’ हे गुण ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या व्यक्तींच्या पेशींत नसतो, आणि म्हणून त्यांना केवळ स्वतःच्याच दुर्मीळ गटाचे रक्त चालते, हे त्यातून सिद्ध झाले. जगभरच्या वैद्यकग्रंथांत हा गट आज ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जातो. आणि एखाद्या दूरच्या गावी अशा गटाचा रुग्ण अडला म्हणजे रात्रीअपरात्री दात्याचा शोध सुरू होतो, त्या शोधाची पहिली पायरी परळच्या त्या नळीत दिसलेल्या गुठळीपाशी आहे.

अशी उदाहरणे एकटीदुकटी नाहीत. याच रुग्णालयात काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर पद्धतशीरपणे पडताळून १९४९ साली जगापुढे मांडला, आणि १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्काराचा मान मिळाला. पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर या औषधशास्त्रज्ञ आणि ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या घरोघरी पोचलेले शल्यविशारद डॉ. रवी बापट यांनी मिळून, पित्तमार्गात अडथळा येऊन कावीळ झालेल्या रोग्यांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे जो जंतुसंसर्ग गाठतो, त्याला गुळवेलीने आवर घालता येतो काय, याचा अभ्यास केला. औषधशास्त्राची प्रयोगशाळा, आयुर्वेदाची परंपरा आणि शस्त्रक्रियेचा वॉर्ड यांची अशी गाठ पडायला तिन्ही ठिकाणची माणसे एकाच आवारात नांदावी लागतात.

नोंद ठेवण्याचे मोल यशापेक्षा अपयशात अधिक कळते. १९६८ च्या फेब्रुवारीत, केपटाउनमधील जगातल्या पहिल्या हृदयरोपणाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, डॉ. पी. के. सेन यांनी येथे भारतातील पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासांतच दगावला. परंतु त्या धाडसामागे वर्षानुवर्षांची प्रायोगिक साधना होती, आणि हृदयशस्त्रक्रियेच्या पुढच्या पिढीने तिच्यातूनच धडे घेतले. १९८६ च्या ६ ऑगस्टला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून येथे नळीतून गर्भधारणा झालेले बालक जन्माला आले, आणि त्या कार्यात त्यांचे सहकारी असलेले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंदकुमार यांना त्याच्या शास्त्रीय यशाचे मोठे श्रेय मिळाले. त्याच आनंदकुमारांनी १९९७ साली, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे अभ्यासून, भारतात असे बालक प्रथम जन्माला घालण्याचा मान १९७८ सालीच मुखोपाध्याय यांच्याकडे जातो, हे जाहीरपणे सांगितले. हयातीत उपेक्षा सोसून गेलेल्या त्या संशोधकाला न्याय मिळाला तो दोन गोष्टींमुळे: कागद शिल्लक होते, आणि ते वाचणाऱ्याच्या ठिकाणी स्वतःचे श्रेय सोडण्याइतकी सत्यनिष्ठा होती.

संस्थेच्या गौरवगाथेत ही नावे येतात, ते यथायोग्यच आहे. परंतु मला सर्वांत थोर वाटणारी कामगिरी कोणत्याही शोधनिबंधात नाही. १९७३ च्या नोव्हेंबरात याच रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर अमानुष हल्ला झाला, त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत, आणि २०१५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांतल्या अनेकींनी त्यांना बोलताचालताना कधी पाहिलेही नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे दिवसरात्र ठरल्या वेळी कूस बदलणे, पाठ पुसून कोरडी करणे, चादरीची चुणी नाहीशी करणे, घास मऊ करून भरवणे, आणि हे सारे पाळी बदलताना दुसऱ्या सिस्टरच्या स्वाधीन बिनचूक करणे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आपल्या निवाड्यात या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. मी तर म्हणेन की, परिचर्येच्या शास्त्रातला हा एक मोठा सिद्धान्तच या स्त्रियांनी आपल्या हातांनी लिहून ठेवला.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो प्रांजळ आहे, की जेथे खाटेअभावी रोगी जमिनीवर गादी घालून निजतो आणि नातेवाइकांना बाहेरून औषध आणावे लागते, तेथे संशोधनाच्या गोष्टी कशाला? जमिनीवरच्या रोग्याला खाट मिळाली पाहिजे, याबद्दल दुमत असूच शकत नाही. परंतु अमुक रोगी इतके दिवस का राहिला, तमुक वॉर्डात जखमा वारंवार का चिघळतात, कोणत्या तालुक्यातून एकाच दुखण्याचे रोगी सारखे का येतात, या प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच संशोधन. आणि ती मिळाल्याखेरीज खाटांची टंचाई कितीही इमारती उठवल्या तरी हटणार नाही.

म्हणून महापालिकांनी व शासनाने आपल्या शिक्षण-रुग्णालयांसाठी काही गोष्टी तातडीने कराव्यात. अध्यापकांच्या, परिचारिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या रिकाम्या जागांवर मुदतीत कायम नेमणुका व्हाव्यात. ड्यूटीच्या तक्त्यात आठवड्यातील काही तास अभ्यासासाठी राखून ठेवावेत, आणि राउंड व ओपीडी यांच्या रेट्यात ते गिळले जाऊ नयेत. रेकॉर्ड रूम ही अडगळीची खोली न राहता, तिच्या जतनासाठी व संगणकीकरणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली तरतूद असावी. निबंधावर डॉक्टरांचे नाव जेथे येते, तेथे निरीक्षण करणाऱ्या परिचारिकेचे आणि चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाचेही यावे. आणि ज्याच्या देहावरून हे ज्ञान मिळाले, त्या रुग्णाला संमतिपत्र सावकाश वाचून दाखवावे, आणि अभ्यासाचा निष्कर्ष काय निघाला, हे त्याला कळेल अशा मराठीत नंतर सांगितले जावे. कारण तो या विद्येचा भागीदार आहे आणि भागीदाराला हिशेब मागण्याचा हक्क असतो.

सकाळी खाली केसपेपराची खिडकी उघडते, त्या सुमारास वर वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी उभी राहून रिपोर्ट देत असते: ताप किती चढला, लघवी किती झाली, कोण रात्रभर कण्हत होते, कोणाला पहाटे डोळा लागला. त्या रजिस्टरातील चार ओळी लिहायला तिला पाच मिनिटे निवांत मिळावीत, एवढीच माझी मागणी आहे. भेंड्यांच्या नळीतील गुठळीची नोंद झाली, ती अशाच पाच मिनिटांत.