गटार कोणाचे?

दोन शेजाऱ्यांत वितुष्ट येण्यास फार मोठे कारण लागते असे नाही. परसातील चेंबर तुंबावे, मैलापाणी अंगणात पसरावे आणि ते साफ करण्याचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न निघावा, एवढे पुरेसे होते. महापालिकेकडे गेल्यास 'गटार खासगी आहे' असे उत्तर मिळते. शेजाऱ्यास विचारल्यास 'आमच्याकडे काही तुंबलेले नाही' असे तो सांगतो. मैला मात्र कोणाच्या मालकीची वाट पाहत थांबत नाही.

कायदा ह्या बाबतीत अगदीच मुका नाही. मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा आणि राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेला १९४९ चा कायदा, ह्या दोहोंत महापालिकेची गटारे व मालकांची गटारे असा भेद केलेला आहे. पहिल्यांची निगा महापालिकेने राखावयाची, दुसऱ्यांची मालकाने. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सांडपाण्याच्या सामाईक वाहिन्या व मैलाटाक्या संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हावयाच्या. सदनिकेतील संडास-मोरीची गळती ज्याची त्याने थांबवावयाची.

खरी अडचण आहे ती मधल्या नळाची. जुन्या वाड्यांच्या वाटण्या झाल्या, बंगल्यांच्या भूखंडांचे तुकडे पडले. पण जमिनीखालचा नळ पूर्वीचाच राहिला. चार घरांचे सांडपाणी एकाच्या परसातून रस्त्याकडे जाते आणि चौघांना बांधणारी संस्था अस्तित्वात नसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यान्वये वीस वर्षे उघडपणे व अखंड उपभोगलेला असा हक्क सहसा हिरावून घेता येत नाही; आणि तो टिकविण्यासाठी लागणारा दुरुस्तीचा खर्च, वेगळा करार नसल्यास, हक्क उपभोगणाऱ्यानेच सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. परंतु उपभोगणारे चार असतील तर कोणाचा वाटा किती, येथे येऊन घोडे अडते.

ह्याचा सोक्षमोक्ष कोर्टाच्या पायरीवर लागण्याची गरज नाही. प्रथम महापालिकेच्या दप्तरातून बांधकामाचा मंजूर नकाशा व जलनिःसारणाचा आराखडा काढावा. मग सर्व चेंबरांची झाकणे उघडून प्रत्येक घराच्या संडासात रंगीत पाणी सोडावे. ते कोणत्या चेंबरात उतरते हे डोळ्यांना दिसतेच. त्याने न भागल्यास नळात कॅमेरा सोडण्याची सोय आज उपलब्ध आहे. एवढे झाल्यावर खर्चाची वाटणी कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.

हा केवळ शेजारधर्माचा प्रश्न असता तर आम्ही त्याला अग्रलेखाची जागा दिली नसती. जबाबदारी कोणाची हे ठरत नाही तेव्हा काम सर्वांत स्वस्त मजुराच्या गळ्यात पडते. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या मैलाटाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मरण पावले. त्यांच्या पत्नींना प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविण्यास बंदी केलेली आहे. ती महापालिकेला आहे तशीच घरमालकालाही आहे. पहिल्याच अपराधास २ वर्षांपर्यंत कारावास वा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'गटार आमचे नव्हते' ही सबब मजूर बोलावणाऱ्याच्या उपयोगी पडणार नाही.

इंग्लंड व वेल्समध्येही हा घोळ होता. १ ऑक्टोबर १९३७ पूर्वी बांधलेली सामाईक गटारे सामान्यतः सार्वजनिक, नंतरची बहुधा खासगी, अशी तेथील स्थिती. आपले कोणते हे अनेक घरमालकांस ठाऊक नसे. अखेर १ ऑक्टोबर २०११ रोजी सार्वजनिक जाळ्यास जोडलेली बहुतेक सामाईक खासगी गटारे आणि घराच्या हद्दीबाहेरील नळ जलनिःसारण कंपन्यांकडे सोपविण्यात आले. आपल्या हद्दीतील, आपल्याच घराचे पाणी नेणारा नळ तेवढा मालकाकडे उरला. वाढीव खर्च गटारपट्टीतून सर्वांवर विभागला गेला, हेही लक्षात ठेविले पाहिजे.

हे तत्त्व आमच्या महापालिकांनी स्वीकारण्याजोगे आहे: एका घराचा नळ मालकाचा, अनेकांचा नळ शहराचा. महापालिकेवरील भार वाढेल हे खरे. परसात शिरण्याचा हक्कही तिला द्यावा लागेल, आणि चेंबरांवर फरशी घालून किंवा खोली बांधून ती बुजविणाऱ्या नागरिकांना आवर घालावा लागेल. परंतु तुंबलेल्या नळातून झिरपणारा मैला शेजारच्या फुटक्या जलवाहिनीत शिरला म्हणजे येणाऱ्या रोगराईचा भार अखेर शहरावरच पडतो. सामाईक नळांची मोजणी करून त्यांचे नकाशे विभागवार प्रसिद्ध करण्यास तर कायदा बदलण्याचीही आवश्यकता नाही. तेवढे काम येत्या पावसाळ्यापूर्वी महापालिकेने हाती घ्यावे. आणि नागरिकांनी तोवर आपापल्या परसातील झाकण एकदा उघडून, आपले पाणी कोठे जाते, ते पाहून ठेवावे.