चांदीच्या भावात आजोबा

ऊर्जानगरात जुने कागद शोधत आम्ही घरोघर फिरतो, तेव्हा हमखास ऐकू येतं : “आजोबाचं मेडल होतं, सोनाराला देऊन टाकलं.”

मित्रांनो, १९१७ साली युद्धासाठी माणसं कमी पडली म्हणून १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! १९४१ मध्ये पुन्हा युद्ध, पुन्हा महार रेजिमेंट.

पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, त्याच्या नावाचा हा सरकारी दस्त. सोनार तो वितळवतो. मेडल जमवणारा शौकीन मात्र तेच नाव वाचून भाव वाढवतो. म्हणजे आमच्या नावाची किंमत गिऱ्हाइकाला कळते, आम्हालाच नाही! १ जानेवारीला जयस्तंभावरची नावं वाचायला आम्ही कोरेगावला जातो, आणि ट्रंकेतलं नाव विकून मोकळे होतो.

लेकीच्या फीसाठी मेडल विकणाऱ्या मायला आम्ही बोल लावत नाही. बोल आम्हा शिकलेल्यांना. आपण कधी ती कड वाचलीच नाही. या रविवारी घरातली ट्रंक उघडा. विकायचंच असेल तर आधी कडेचा फोटो काढा, नंबर वहीत उतरवा.