हाडांची परांची

मोडलेले हाड सांधण्याची विद्या निसर्गाने शरीराला जन्मतःच दिली आहे. प्लास्टर हाडाला जागच्या जागी धरून ठेवते, एवढेच. जोडण्याचे काम हाड स्वतःच करते. परंतु अपघातात हाडाचा चुरा झाला, किंवा कर्करोगाच्या गाठीपायी त्याचा मोठा भाग कापून काढावा लागला, तर मधली पोकळी भरणे या निसर्गदत्त सामर्थ्याच्याही आवाक्याबाहेर जाते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली, तर ४ लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाली. मृतांचा आकडा निदान मथळ्यात तरी येतो. कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेल्या घरांची दखल मात्र कोण घेतो?

अशा वेळी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडा काढून पोकळीत बसविणे हा आजही सर्वांत विश्वासाचा उपाय मानला जातो. पण तेथे मिळणारे हाड मर्यादित असते, आणि एक जखम भरण्यासाठी दुसरी जखम करावी लागते.

ऊती अभियांत्रिकीने शोधलेला मार्ग कोणत्याही गवंड्याला चटकन उमजेल. भिंत चढविताना परांची बांधतात, काम पुरे झाले की ती उतरवितात. त्याचप्रमाणे हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेल्या पदार्थाची सच्छिद्र परांची पोकळीत बसवायची. तिच्या छिद्रांतून पेशी व रक्तवाहिन्या आत शिराव्यात, नवे हाड घडावे आणि परांचीने हळूहळू विरून जावे, अशी ही कल्पना आहे. खरी कसोटी वेळेची. परांची लवकर विरली तर आधार जातो. विरलीच नाही तर हाडात परकी वस्तू राहून जाते.

२००१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी अशा परांचीवर वाढवून हातापायांच्या हाडांतील मोठ्या पोकळ्या भरण्यात आल्या होत्या. हाडे सांधली, परांची मात्र अनेक वर्षांनंतरही पुरती विरली नाही. यश खरे होते, पण रुग्ण तीनच होते. म्हणूनच पेशी-उपचारांच्या भडक जाहिरातींना भुलून कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी उधळू नये. आधी पुरावा मागावा.

भारतीय प्रयोगशाळा या विषयात मागे नाहीत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हाडांसाठीचे जैवपदार्थ विकसित केले आहेत. याच संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेली हृदयाची कृत्रिम झडप आधीचे नमुने फसल्यानंतर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसविली गेली. त्यामागे दशकाहून अधिक काळाची तपश्चर्या होती. हाडाच्या परांचीलाही तसाच धीर हवा. शोधनिबंध छापून झाला की संशोधन फडताळात पडते, ही खोड मोडली पाहिजे. प्राण्यांवरील चाचण्या, रुग्णांवरील काटेकोर परीक्षणे आणि सरकारी रुग्णालयांचा सहभाग यांसाठी सलग निधी लागतो.

अन्यथा काय होते, याचा अनुभव ताजा आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती सामान्यांच्या आवाक्यापलीकडे गेल्यावर २०१७ मध्ये सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली. उद्याची परांची येथेच घडली, तरच ती खेड्यातल्या रुग्णाच्या हाडापर्यंत पोहोचेल.