शून्याची किंमत

जुनी वस्तू सुधारावयाची म्हणजे तीत काहीतरी नवे आणि महागडे घालावयाचे, अशी आमची पुष्कळ वर्षांची समजूत होती. गेल्या पावसाळ्यात ती आम्हांला सोडावी लागली. आणि ती सोडविली आमच्या तीर्थरूपांनी, त्यांना जाऊन अकरा वर्षे झाल्यावर! ते कसे, तेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

तीर्थरूपांनी १९६८ साली आमच्या इंदुरातील घरी व्हॉल्व्हचा एक ध्वनिवर्धक स्वहस्ते बांधला. विलायतेच्या मुलार्ड कंपनीने १९५९ साली अशा यंत्रांच्या आराखड्यांचे पुस्तक काढले होते, त्यातील 'पाच-दहा' नावाचा हा आराखडा. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, म्हणून पाच-दहा. या यंत्रावर आमच्या मातोश्रींनी उस्ताद अमीर खाँ साहेबांचा मारवा किती वेळा ऐकला असेल, याची गणती नाही. खाँ साहेब इंदूरचे. त्यामुळे ती रेकॉर्ड म्हणजे घरचेच गाणे.

परंतु अलीकडे यंत्र बिघडले. गाणे सुरू होण्यापूर्वीच लाउडस्पीकरमधून 'घूंऽ' असा आवाज निघे, आणि खाँ साहेबांचा खर्ज त्यात बुडून जाई. वरचा स्वर चिरका लागे. एके दिवशी आई म्हणाली, "अरे, खाँ साहेबांचा घसा बसल्यासारखा वाटतो. राहू दे, बंद कर." ऐंशी ओलांडलेल्या माणसाने 'राहू दे' म्हणावे, हे आमच्या जिव्हारी लागले.

आम्ही एका दुकानदाराचा सल्ला घेतला. "व्हॉल्व्ह म्हातारे झाले, परदेशी जोडी घाला," असे त्यांनी सांगितले. आम्ही पगारातला बराच भाग मोजून ईएल ८४ या व्हॉल्व्हची नवी जोडी आणली. आठ दिवस बरे वाटले. नवव्या दिवशी पाहतो तो एका नव्या व्हॉल्व्हची आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल झालेली! तत्काळ बटण बंद केले आणि शेजारच्या आळीतील नानांकडे धाव घेतली. नाना निवृत्त रेडिओ तंत्रज्ञ.

नानांनी आल्याबरोबर पहिला दंडक घातला, "मास्तर, हात मागे!" या यंत्रात तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वीज तोडल्यावरही तो कंडेन्सरांत साठून राहतो, माणसाचा प्राण घेण्यास तेवढा पुरे. त्यांनी एका मोठ्या रेझिस्टन्समधून तो साठा सावकाश रिता केला, मीटरने खात्री केली, आणि मगच यंत्र उलटे करून तळाचा पत्रा काढला.

पत्र्याच्या आतल्या बाजूस एक पिवळा कागद चिकटविलेला होता. तीर्थरूपांचे मोत्यासारखे अक्षर! प्रत्येक व्हॉल्व्हच्या कोणत्या पायावर किती व्होल्ट, याची ती यादी होती. ईएल ८४ च्या ग्रिडपुढे त्यांनी ठसठशीत शून्य काढून त्याखाली रेघ ओढली होती.

नानांनी यंत्र प्रथम सिरीजच्या दिव्यातून व मग थेट विजेवर लावले आणि त्या ग्रिडवर मीटर धरला. शून्याऐवजी सहा व्होल्ट! मागल्या व्हॉल्व्हकडून स्वर पुढे नेणारा कागदी कंडेन्सर गळका झाला होता. त्याने स्वर तेवढा जाऊ द्यावा आणि दाब अडवावा. तो दाबही सोडू लागल्याने व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढी, स्वर चिरके आणि प्लेट तापे. नवा व्हॉल्व्ह घालून हा रोग बरा कसा व्हावा? त्याचाही बळीच जावयाचा.

मग पुन्हा सर्व साठा रिता करून दुरुस्ती झाली. कागदी कंडेन्सरांच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टरचे आले. घुमण्याचे कारण वेगळे होते: वीजप्रवाह सपाट करणारा मोठा कंडेन्सर आतून सुकला होता. आपली वीज ५० आवर्तनांची. ती एकदिश होताना सेकंदाला १०० लहरी उरतात, आणि त्याच 'घूं' करून ऐकू येतात. आम्ही उत्साहाने म्हणालो, "नाना, पन्नासऐवजी दोनशे मायक्रोफॅरडचा घालू, आवाज चौपट शुद्ध!" नाना हसले. "एकदिश करणारा ईझेड ८१ पन्नासाच्या वर भार सोसत नाही. तुमच्या उत्साहाने तो जळेल." शंभर किलोओमचे दोन रेझिस्टन्स एकशेचाळीसवर गेले होते, तेही बदलले. व्हॉल्व्हच्या बैठका साफ केल्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र नानांनी हात लावला नाही. "आवाजाचा खरा धनी तो. एवढे पाळा, लाउडस्पीकर जोडल्यावाचून यंत्र कधी चालवू नका, नाहीतर हाच जाईल."

सारा खर्च त्या परदेशी जोडीच्या दशांशाहूनही कमी आला. बाहेर काढून ठेवलेले तीर्थरूपांचे जुने व्हॉल्व्ह नानांनी पुन्हा बसविले. ते ठणठणीत होते.

परीक्षेत मुलांना आम्ही बजावतो, 'आधी प्रश्न नीट वाचा.' त्याच आम्ही तो पत्रा उघडून कागद वाचण्याआधीच उत्तर विकत आणले होते. शाळेतही एखादा मुलगा मागे पडला की आम्ही त्यास नवी शिकवणी, नवे पुस्तक सुचवितो. त्याच्या घरी काय गळते आहे, हे किती वेळा पाहतो?

त्या संध्याकाळी मारवा लावला. खर्ज स्वच्छ उतरला. आईने डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "हां. यांनी लावलं की असंच वाजायचं." तो पिवळा कागद आम्ही होता तेथेच ठेविला आहे, त्याखाली आजची तारीख घालून नवे आकडे मात्र लिहिले आहेत. ग्रिड — शून्य.