बांधावरचा दगड मी फोडला, आणि ग्रंथोत्सव

तूर काढून झाली, शाळू हुरड्यात आलाय. पाखरं राखायला पोराला बसवलं आणि परवा सोलापूरला ग्रंथोत्सवाला जाऊन आलो. दिंडी, भाषणं, पुस्तकांचे स्टॉल, सगळं असतंय तसं होतं. कुंजविहारी, संजीव, दत्ता हलसगीकर ही आपल्या सोलापूरची नावं कानावर पडली की बरं वाटतं.

पण डोक्यात राहिला तो आनंद कुंभारांचा विषय. आपल्याच दक्षिण तालुक्यात हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे. मराठीच्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणती होते. हे वाचील तो विजयी होईल, असा त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ. तो कुंभारांनी उजेडात आणला. नोकरी सांभाळून हा माणूस जिल्ह्यात गावोगाव दगड वाचत फिरला. आपल्याकडचे पुष्कळ लेख तर कन्नडात, तेही वाचले.

ऐकताना माझी मान खाली गेली. आमच्या बांधावर एक उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, खाली गाय-वासरू, मधे झिजलेल्या ओळी. आजी वेळ अमावस्येला त्याला नारळ फोडायची, कन्नडात काहीतरी पुटपुटायची. विहिरीवर मोटार बसवताना पायाला दगड कमी पडले. गवंडी म्हणाला, हा घेऊ का? मी म्हटलं, घे. घणाच्या तीन-चार घावांत काम झालं. असले दगड जमीन दान दिल्याचे असतात म्हणे. कुणी दिली, किती दिली, ते आता सिमेंटखाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ग्रंथोत्सव शहरात जरूर करा, पण ज्यांच्या रानात इतिहास उभा आहे ती माणसं त्या सभागृहात नसतात. तिथं मास्तर, पेन्शनर आणि हार घालणारे. एक दिवस तरी गावच्या वाचनालयात घ्या. 1967 च्या कायद्यानं ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग पडलेत. ड वर्गवालं असलं तरी चालेल, सतरंजी आम्ही टाकतो. आणि तिथं एक रजिस्टर ठेवा: कुठलं गाव, कुणाचा बांध, कसला दगड, फोटो. वाचता येत नसलं तरी नोंद करा, वाचणारा पुढं कधीतरी येईल. कन्नड असो का मराठी, आपल्याला दोन्ही कुठं परक्या आहेत?

पहिली नोंद माझीच घ्या. होटगी, विहिरीवरच्या मोटारीखाली, तुकडे.

आणि तुमच्या रानात असा दगड असेल तर हलवू नका, ऑइलपेंट तर लावूच नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.