आधी दिवा बघा, मग फॉरमॅटचे बोला



पावसाळा लागला की पेडणे-डिचोलीच्या गावांत वीज येते-जाते, भिंतींना ओल धरते आणि कुणाच्या तरी घरी कॉम्प्युटरची स्क्रीन अचानक काळी होते. लगेच कुणीतरी सांगतो, "फॉरमॅट करून घे." हा सल्ला मला मुळीच पटत नाही. फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळे हार्ड डिस्कवर असते. स्क्रीन त्याचे फक्त दर्शन घडवते. फॉरमॅट केले की जे वाचवायचे होते, नेमके तेच जाते.

म्हणून न घाबरता बाहेरून आत जावे. जळका वास येत असेल तर प्लग काढा आणि जाणकाराला बोलवा. नाहीतर आधी दिवा पेटतो का, पंख्याचा आवाज येतो का, ते बघा. येत असेल तर कॉम्प्युटर चालू आहे, फक्त चित्र दिसत नाही. मॉनिटरचे बटण तपासा, दोन्ही टोकांच्या केबल काढून घट्ट बसवा, ब्राइटनेस वाढवा. चर्चमध्ये गीतांचे शब्द प्रोजेक्टरवर दाखवणाऱ्या लॅपटॉपचे चित्र कधी कधी दुसऱ्या स्क्रीनकडेच राहून जाते. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबली की ते बदलता येते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबल्यास चित्राची यंत्रणा नव्याने सुरू होते.

तरीही काळोखच असेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरकी टॉर्च मारा. अंधुक अक्षरे दिसली तर बिघाड स्क्रीनमागच्या उजेडाचा आहे, तुमची माहिती जागेवर आहे. पॉवरचे बटण दाबून धरून बंद करणे त्यानंतर, कारण सेव्ह न केलेले काम त्यात जाते. डेस्कटॉपमध्ये दमट हवेमुळे रॅमच्या पट्टीवर मळ बसतो. प्लग काढून ती पट्टी साफ करून परत बसवली की अनेकदा काम होते, पण ते माहीतगाराकडूनच करून घ्यावे.

१९ जुलै २०२४ आठवतो ना? एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडले. त्यावरचा सांगितलेला उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन ती बिघडलेली फाइल काढायची होती. त्या दिवशी आपल्या देशात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कागदानेच वेळ निभावून नेली.

आपल्या धर्मग्रामांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. धर्मसभेच्या कायद्याचा ५३५ वा नियम बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवायला व जुन्या वह्या जपायला सांगतो. परदेशी निघालेल्या मुलाला किंवा लग्न ठरलेल्या मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला याच नोंदीवरून मिळतो. नोंदी कॉम्प्युटरवर आल्या म्हणून वही बंद करू नये, आणि वही आहे म्हणून कॉम्प्युटरमधल्या नोंदींची कॉपी ठेवण्याचा आळसही करू नये.

दुरुस्ती करणाऱ्याला मी दोष देत नाही. काही वेळा फॉरमॅट लागतेच. पण त्याला आधी विचारा, "आतली माहिती काढून घेतली का?" बहुधा हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते.

काळोख दिसला म्हणजे सगळे संपले असे धरून चालणे ही घाई आहे. दरवर्षी पवित्र शनिवार पाळणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर अर्धा तास काढा, महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या जागी ठेवा.